डबीतली गोळी : महापुरानंतरच्या एका मिशन पथकाचं प्रकरण

गावाचं नाव दिलेलं नाही. माणसांची वयं आणि काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. मी मिरजेत औषधाचं दुकान चालवतो आणि मी ख्रिस्ती नाही. या पथकाबरोबर गेलो तो औषधांच्या पेट्या सांभाळायला, कारण त्यांचा नेहमीचा फार्मासिस्ट सांगलीत स्वतःच्याच घरातला चिखल उपसत होता. त्यामुळे हे लिखाण थोडं आतल्या माणसाचं आहे, थोडं बाहेरच्याचं.

पार्श्वभूमी

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्याची सुरुवात डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं उभ्या केलेल्या मिशन रुग्णालयापासून धरतात. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले पेशंट तेव्हापासून मिरजेच्या गाडीत बसतायत. मी ज्या पथकाबद्दल सांगतोय ते त्या रुग्णालयाचं नव्हे, एका छोट्या ख्रिस्ती संस्थेचं. पण ‘मिरजेचं मिशन’ म्हटलं की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात जे उभं राहतं, त्याचा फायदा असल्या प्रत्येक पथकाला होतो. ओझंही होतंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला जो पूर आला तो इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. सांगलीत पाणी फुटात मोजतात, आयर्विन पुलापाशी. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या आठवड्यात ते ५७ च्याही वर गेलं. लोकांचा हिशेब मात्र २००५ च्या पुराचा होता. त्या वेळी पाणी कुठवर आलं त्याची खूण नदीकाठच्या घराघरात आहे. कुणी भिंतीवर रेघ मारलीय, कुणी खिळा ठोकलाय. घर सोडताना लोकांनी धान्य, सातबारा, रेशनकार्ड, टीव्ही त्या खिळ्याच्या वीतभर वर ठेवलं आणि निघाले. पाणी खिळा ओलांडून पार वर गेलं.

औषधंही त्याच फळीवर होती. ही गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही, आणि हे प्रकरण लिहायचं कारण तेवढंच.

पथकात आम्ही नऊ जण होतो. मिरजेतच वाढलेल्या, पन्नाशीच्या डॉक्टर मॅडम. केरळचे एक तरुण डॉक्टर, ज्यांना महाराष्ट्रात येऊन वर्षही झालं नव्हतं. तीन सिस्टर, एक रेव्हरंडसाहेब, टेम्पोचे ड्रायव्हर मामा, नोंदणीला कॉलेजचा एक मुलगा आणि मी. जीप मॅडम स्वतः चालवायच्या.

कधी निघायचं

पाणी वाढत होतं तेव्हाच निघावं असं दोन सिस्टरांचं म्हणणं होतं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, तेव्हापासून मिरजेत कुणालाच घरात बसवत नव्हतं. मॅडमनी नकार दिला. “बोटीत आपण बसलो तर एक माणूस मागं राहतो,” एवढंच म्हणाल्या. पाण्यातून माणसं काढायचं काम एनडीआरएफ, लष्कर आणि गावातल्या पोहणाऱ्या पोरांचं. डॉक्टरचं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लक्षणं दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, कावीळ त्यामागून येते. म्हणून मधले दिवस तयारीला घेतले आणि शुक्रवारी, १६ ऑगस्टला निघालो. राखी आदल्याच दिवशी झाली होती. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. सांगलीवरून न जाता तासगावमार्गे वळसा घातला.

वेळ बरोबर निवडली असं मला आजही वाटतं. चूक दुसरीकडं झाली. गाव निवडलं ते तिथला एक जण रेव्हरंडसाहेबांच्या ओळखीचा होता म्हणून. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक फोन करायला हवा होता, तो केला नाही. “सरकारी माणसं आधीच दमलीत, त्यांना कशाला त्रास,” असं आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं सांगायचं तर परवानगीच्या भानगडीत दिवस जाईल ही धास्ती होती.

पेट्यांत काय होतं

यादी मी केली होती, त्यामुळे दोषही माझाच. पुराच्या गावाला जायचं म्हटल्यावर साथ आणि जखमा एवढंच डोक्यात होतं. ओआरएस, पॅरासिटामॉल, तीन-चार अँटिबायोटिक, लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन, चिखल्यांसाठी बुरशीचं मलम, बर्फाच्या डब्यात धनुर्वाताच्या लशी, ड्रेसिंगचं सामान. पिण्याच्या पाण्यात घालायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या. बीपीची एक जात, शुगरची एक जात, त्याही ‘असू द्यात’ म्हणून. आकडीची गोळी एकही नाही.

याशिवाय पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांकडून, म्हणजे चर्चकडून, आलेली सात खोकी. दान आलेलं औषध म्हणजे काय असतं ते दुकानदाराला विचारा. कंपन्यांची सॅम्पलं, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, खोकल्याची सिरपं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, केस गळतीचं लोशन. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या सूचना सांगतात की पोचताना औषधाची मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी. आमच्या खोक्यांत सप्टेंबरमध्ये संपणारा माल होता. निघायच्या आदल्या दिवशी मी आणि दोन सिस्टर रात्री एकपर्यंत ती खोकी निवडत बसलो. त्या सहा तासांत यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली असती तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

बॅनर, क्रूस आणि प्रार्थना

वेशीवर गावातल्या तरुण मंडळाची पोरं फावडी घेऊन उभी होती. दिवसरात्र चिखल ओढून त्यांचे डोळे लाल झालेले. टेम्पोला बॅनर होता. त्यावर संस्थेचं नाव, पांढऱ्यावर लाल क्रूस आणि खाली बायबलातलं एक वचन. एका पोरानं बॅनर वाचला आणि सरळ विचारलं, “औषध द्यायला आलाय का बाटवायला?”

शेजारच्या कट्ट्यावरचे एक आजोबा त्याच बॅनरकडे बघून म्हणाले, “मिशनचं डॉक्टर व्हय? या की. माझा मोतीबिंदू मिरजंतच काढलाय.”

एकच क्रूस, पोराला दिसला तो धर्म, आजोबांना दिसला तो दवाखाना. (जाता जाता : पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्यानुसार ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मिरजेतल्या निम्म्या अँब्युलन्सवाल्यांनाही नसावं.)

टेम्पोमागं उभं राहून पथकाची वादावादी झाली. मोठ्या सिस्टरचा आवाज चढला होता. “क्रूस झाकायचा म्हणजे आपण कोण ते लपवायचं. आपल्याला त्याची लाज वाटते का?” मॅडम म्हणाल्या, लाजेचा प्रश्न नाही, पोराच्या घरात कंबरभर चिखल आहे, त्याला आत्ता वचन वाचायला लावू नका. केरळचे डॉक्टर गप्प. मी तर पाहुणाच.

समोर तीन वाटा होत्या. नेहमीच्या शिबिरासारखं करायचं, म्हणजे सुरुवातीला प्रार्थना, औषधाच्या पिशवीबरोबर पुस्तिका. दुसरी वाट, सगळं गुंडाळून नुसते ‘मिरजेचे डॉक्टर’ म्हणून बसायचं. ही वाट सोपी वाटते, पण संध्याकाळपर्यंत कुणी तरी शोधून काढणारच, आणि मग लपवलं म्हणून दुप्पट संशय. तिसरी वाट मधली.

रेव्हरंडसाहेबांनी तोड काढली. म्हणाले, “प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांना त्यानं पुन्हा आजारी केलं नाही.” मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत, पण बॅनरची दोरी त्यांनीच सोडली.

ठरलं ते असं. बॅनर आत. पुस्तिका सीटखाली. जीपच्या काचेवरचा छोटा क्रूस तसाच. सरपंच आणि मंडळाच्या पोरांना भेटून स्पष्ट सांगायचं की आम्ही ख्रिस्ती संस्थेचे आहोत, औषधाला पैसा नाही आणि अट नाही. प्रार्थना कुणी आपणहून मागितली तरच, तपासणी आणि औषध झाल्यावर, रांगेपासून लांब, आणि ती रेव्हरंडसाहेब करतील; डॉक्टर-सिस्टर नाहीत. रविवारची उपासना मिरजेतच पहाटे उरकून यायचं.

१९९४ साली रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी मिळून आपत्तीतल्या कामाची जी आचारसंहिता केली, तिच्यात हेच आहे : मदत देताना जातधर्म बघायचा नाही आणि मदतीच्या आडून धर्माचा किंवा पक्षाचा पुरस्कार करायचा नाही. अनेक ख्रिस्ती संस्थांनी ती मान्य केलेली आहे. म्हणजे आम्ही काही नवं शोधलं नव्हतं. फक्त जे मिरजेत चहा पीत ठरवायचं ते वेशीवर, चिखलात, पोरांच्या देखत ठरवलं.

मला तेव्हा खटकलेला आणि आजही खटकणारा भाग म्हणजे ‘आपणहून मागितली तर’. फुकट औषध घेतलेला माणूस भिडेनंही मागतो. एका आजींनी मागितली. कपाळावर अंगारा, हातात गंडा, आणि रेव्हरंडसाहेबांना म्हणाल्या, “तुमच्या देवालाबी सांगून ठेवा माझ्या नातवाचं.” त्या ‘बी’मध्ये भीड नव्हती, हिशेब होता. पण सगळ्यांचंच तसं असेल असं मी म्हणणार नाही.

चहाची गोष्टही इथंच सांगतो. गावावर भार नको आणि पाण्याचा भरवसा नाही, म्हणून गावात काही खायचं-प्यायचं नाही असा नियम करून आम्ही डबे घेऊन गेलो होतो. सकाळी सरपंचांच्या घरून आलेला चहा सिस्टरांनी नम्रपणे परत पाठवला. दुपारपर्यंत गावात झालं की मिशनवाल्यांना आमच्या हातचं चालत नाही. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. उकळलेल्या चहात कसला आलाय जंतू! नंतर रोज दोनदा प्यालो, साखर जास्त असली तरी.

पहिला दिवस

शिबिर वरच्या आळीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका वर्गात दोन टेबलं, बाहेर व्हरांड्यात नोंदणी. रांग व्हरांड्यातून पटांगणात. नोंदणीवाला पोरगा प्रत्येकाला विचारायचा, “काय होतंय?” आणि एका ओळीत लिहायचा : खाज, ताप, पाय कापला, पोट बिघडलं.

दुपारी एक बाई अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोरगं उंच, मान खाली. आई म्हणाली, “याला चक्कर येती.” नोंदीत ‘चक्कर’ लिहिलं गेलं. केरळच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. बीपी पाहिलं, शुगर पाहिली, जीभ कोरडी आहे म्हणाले. आधीचा काही आजार? आईनं मागं पाहिलं. मागं रांगेत शेजारीण उभी होती, नाकात बोट घालून पोरगं कडेवर. “न्हाई,” आई म्हणाली. ओआरएसची चार पाकिटं मी दिली. एका लिटरला एक, सगळी एकदम नको, हेही सांगितलं. स्वतःवर खूष होतो.

संध्याकाळी आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी मोटरसायकलवरून आले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत. न बसताच विचारलं, “डॉक्सी वाटली का?” वाटली होती, प्रौढांना दोनशे मिलिग्रॅम. “आमच्या आशाताईंनी परवाच घरोघर दिलीय.” आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी निम्म्या गावानं दोन दिवसांत दोनदा घेतली होती, त्यातही कित्येकांनी उपाशी पोटी. रात्री वांत्यांच्या तक्रारी आल्या त्या साथीच्या नव्हत्या, आमच्या होत्या. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “उद्या आशाताईला पाठवतो, तिला शेजारी बसवा,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नऊ वाजले होते, टेबलं लावत होतो. एक मुलगा धावत आला. गोठ्याच्या ओवरीत कालचा तो पोरगा आडवा पडला होता. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस. भोवती गर्दी. कुणी नाकाला कांदा धरलेला, कुणी मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबत होतं, एक जण दातांत चमचा घालायला बघत होता. मोठ्या सिस्टरनं चमचा हिसकावून लांब फेकला, पोराला कुशीवर केलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी सरकवली. केरळच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांपुढं गेलेली आकडी आपोआप थांबेल म्हणून बसता येत नाही, आणि गर्दीतल्या कुणाच्या सांगण्यावरून दहा तरी झाली होती. मॅडमच्या इमर्जन्सी डब्यात आकडी थांबवायचं मिडाझोलॅम होतं. ते मांडीत दिलं. थोड्या वेळानं झटके सुटले. पोरगं घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागलं.

तेव्हा आईनं पदराची गाठ सोडली आणि एक प्लॅस्टिकची डबी माझ्या हातात ठेवली.

डबी पांढरी, लेबल निघून गेलेलं, झाकण घट्ट. उघडली तर आत गोळ्या नव्हत्या, पीठ होतं. खाली राखाडी चिखलाचा थर. पट्टीतली गोळी पुराच्या पाण्यातही कधीकधी वाचते, फॉइल शाबूत असेल तर. डबीतली वाचत नाही. मी ती डबी नाकाशी धरली, बोटावर पीठ घेतलं, जणू त्यावरून नाव कळणार होतं. तेवढ्यात आशाताई पोचली. तिनं एका वाक्यात सांगितलं : “फेनिटॉइन चालू हाय त्याला, सातवीत असल्यापासनं. सांगलीतनं आणत्यात.”

घर सोडलं ६ तारखेला. डबी खिळ्याच्या वर, फळीवर. दहा-अकरा दिवस गोळी नाही. छावणीत एकदा रात्री झटका येऊन गेला होता, आईनं चादर टाकून झाकला. पोराचं लग्न व्हायचंय, गावात कळायला नको. आणि ही गोळी अचानक बंद झाली की आकड्या एकामागोमाग यायचा धोका असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कसं न्यायचं

पुन्हा दोन वाटा. १०८ ला फोन करून थांबायचं, नाही तर जीपमधून निघायचं. १०८ मध्ये ऑक्सिजन आणि सामान असतं, पण गाडी कुठून, किती वेळात येईल ते त्या दिवशी कुणी सांगू शकत नव्हतं. जीपमधून नेलं तर एक डॉक्टर बरोबर हवाच, म्हणजे शिबिर निम्मं. पटांगणात तोवर रांग लागलेली. मॅडमनी दोन्ही केलं. १०८ ला कळवलं आणि थांबल्या नाहीत. स्वतः जीप घेतली, मागं सिस्टर आणि आई, पोरगं कुशीवर. वाटेत आरोग्य केंद्रात थांबून शिरेत सलाईन लावून घेतलं आणि मग थेट मिरज.

आम्ही मागं राहिलेल्यांनी शिबिर दोन तास बंद ठेवलं. रांगेतले काही चिडले, एक जण म्हणाला एका पोरासाठी गाव थांबलंय. मंडळाच्याच पोरानं, त्या ‘बाटवायला’वाल्यानं, त्याला गप्प केलं आणि रांगेला सावलीत बसवलं.

काय बदललं

त्या दोन तासांत नोंदणीचा कागद बदलला. पहिला प्रश्न ‘काय होतंय’ नाही, तर ‘पुराच्या आधी रोज कुठली गोळी चालू होती, आणि आता आहे का?’ नोंदणीचं टेबल व्हरांड्यातून उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेलं, दाराला चादर लावली, एका वेळी एकच घर आत. शेजारी आशाताई.

मग खरा पूर दिसायला लागला. बीपीची गोळी बंद झालेले. शुगरची बंद झालेले. थायरॉइडची. डोक्याच्या आजाराची, जी बायका अगदी खालच्या आवाजात सांगायच्या. टीबीचा एक पेशंट; त्याच्या पट्ट्या वाहून गेल्या होत्या आणि खोकला कमी झाला म्हणून तो निवांत होता. त्याचं नाव आशाताईनं लगेच केंद्रात कळवलं, दोन दिवसांत त्याला गोळ्या मिळाल्या. आमच्या पेटीतून देण्यासारखं ते औषध नव्हतंच, आणि तसं देऊही नये.

नावं कुणालाच माहीत नसतात. केसपेपर लगद्याचा गोळा झालेले. लोक गोळी सांगतात ती अशी : “बारकी, गुलाबी, मधी रेघ.” “चांदीच्या पाकिटातली, अर्धीच घ्यायची.” वीस वर्षं काउंटरमागं उभं राहिल्याचा उपयोग मला त्या दिवशी झाला. रंगावरून मी अंदाज करायचो, मग ज्या दुकानातून आणतात तिथं फोन लावायचो, आणि बिलावर नाव सापडलं तरच डॉक्टर लिहायचे. नुसत्या रंगावर एकही गोळी दिली नाही. एक आजी पापडाशेजारी भिंतीवर पट्ट्या वाळत घालून बसल्या होत्या. त्यातल्या दोन शाबूत होत्या, बाकीच्या फुगलेल्या. फुगलेल्या टाकायला सांगितल्यावर त्यांनी मला किंमत ऐकवली.

इन्सुलिनवाले दोघे. वीज नाही, फ्रीज चिखलात. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, वापरात असलेलं गार जागी महिनाभर चालतं. सिस्टरांनी मडक्यात मडकं ठेवून मध्ये ओली वाळू भरून दाखवलं. कुंभारआळीतली मडकी पुरात तरंगून वाचली होती, तेवढी एक गोष्ट सोपी झाली.

मिरजेला रोज संध्याकाळी मी यादी फोनवर कळवायचो आणि सकाळी टेम्पोत नेमकी तीच औषधं यायची. खोक्यांतल्या खोकल्याच्या बाटल्यांना कुणी हात लावला नाही.

परिणाम

पोराला मिरजेत शिरेतून औषध दिलं, गोळी पुन्हा बसवली, काही दिवसांनी तो घरी आला. शिबिर मंगळवारपर्यंत चाललं. निघताना उरलेली खोकी आरोग्य केंद्राला द्यावीत असं आमच्यातल्या काहींना वाटत होतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हात जोडले. “इथं ठेवून जाऊ नका. ही मोडीत काढायला मला माणूस लावावा लागेल.” खोकी परत आणली. मात्र रोजच्या गोळ्या बंद पडलेल्यांची यादी त्यांनी मागून घेतली, घरांप्रमाणे लावलेली, आणि ती आशाताईच्या वहीत गेली. आम्ही मागं ठेवलेल्यातली कामाची वस्तू ती एकच.

एक बाजू मात्र राहून गेली. आईनं जे वर्षानुवर्षं लपवलं होतं ते गोठ्याच्या ओवरीत अख्ख्या गावानं पाहिलं. आम्ही पहिल्या दिवशी तिला भिंतीआड विचारलं असतं तर ते झाकलेलं राहिलं असतं. याचा हिशेब कुठल्याच केसपेपरवर लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोन. निघायच्या दोन दिवस आधी आरोग्य केंद्राला एक फोन. त्यात डॉक्सीची दुबार वाटणी टळली असती, आशाताई पहिल्याच दिवशी शेजारी असती, आणि ‘चक्कर’ म्हटल्यावर तिनं नुसतं डोळ्यानं सांगितलं असतं.

भाषेबद्दल केरळच्या डॉक्टरांना दोष देणारे पथकात होते. मला ते पटत नाही. ‘चक्कर’ हा शब्द त्यांना कळला होता, आणि मराठी डॉक्टरलाही त्या बाईनं चक्करच सांगितली असती. शब्द कळला होता. मागं वळून बघणं कळलं नाही, आणि ते आम्हा मराठी माणसांना तरी कुठं कळलं? मी तीन फुटांवर होतो.

क्रूसाचं वेशीवर ठरलं ते बरं ठरलं, पण नशिबानं. दुसरे रेव्हरंडसाहेब असते तर शिबिर तिथूनच परत फिरलं असतं, किंवा पोरांशी हाणामारी झाली असती. मॅडमचं म्हणणं आता असं की प्रार्थनेचा नियम लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन मगच गाडीत बसायचं. मोठ्या सिस्टरना ‘सह्या’ हा शब्द अजून लागतो. त्यांचं नि मॅडमचं यावर एकमत झालेलं नाही आणि होईल असं दिसत नाही.

शिबिर थांबवून जीप काढली त्याबद्दल मात्र कुणाच्याच मनात शंका नाही.

पेटीबद्दल : माझ्या यादीत आता पहिल्या पानावर रोजच्या गोळ्या आहेत. बीपीच्या तीन-चार जाती, शुगरच्या गोळ्या, आकडीच्या, थायरॉइडच्या, दम्याचे पंप. अँटिबायोटिक दुसऱ्या पानावर गेलं. दानाची खोकी आम्ही घेत नाही. पैसे द्या म्हणतो, आणि मग काही जण काहीच देत नाहीत.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढायला लागली. पाणी अजून पात्रातच होतं तेव्हा एक बाई दुकानात आली. मी लगेच ओळखलं नाही. तिनं पिशवीतून केसपेपर काढला, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेला, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या. मी फडताळातून नेहमीची डबी काढली.

“डबी नगो,” ती म्हणाली. “पट्टीतली द्या.”